फादरांच्या शाळेचा निकाल नेमका कुणाचा?

‘पोरगं फादरांच्या शाळेत गेलं की घडलंच.’ परळ-लालबागमध्ये वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. फादरांची शाळा म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या संस्थेची, इंग्रजी माध्यमाची, मुळात फक्त मुलग्यांसाठी काढलेली शाळा. परळमधून निघालात तर दक्षिणेला माझगावची सेंट मेरीज (१८६४), मग फोर्टची सेंट झेवियर्स (१८६९), त्याही पुढे कूपरेजजवळची कॅम्पियन (१९४३). या तिन्ही जेझुइटांच्या. उत्तरेला माटुंग्याची डॉन बॉस्को, ती सेलेशियन पंथाची. अमेरिकेत अशा शाळांना ‘प्रेप स्कूल’ म्हणतात, म्हणजे कॉलेजसाठी पोरगा तयार करून देणारी शाळा. आपल्याकडे हा शब्द रुळला नाही, पण अपेक्षा तीच.

आणि पुरावा म्हणून नावं तयारच असतात. सुनील गावस्कर झेवियर्सचे, झुबिन मेहता सेंट मेरीजचे, रवी शास्त्री डॉन बॉस्कोचे, ऋषी कपूर कॅम्पियनचे. बघा, शाळेने काय माणसं घडवली!

मी शिक्षणशास्त्रातली नाही. मी जीवशास्त्रात पीएच.डी. करते. पण वर दिलेलं वाक्य हा एक वैज्ञानिक दावा आहे, आणि एखाद्या औषधाबद्दल असा दावा कुणी केला असता तर आपण जे प्रश्न विचारले असते, तेच इथेही विचारायला हवेत. शाळा हे औषध धरा, मुलगा हा पेशंट. औषधाने गुण आला की पेशंट मुळातच धडधाकट होता?

परळच्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. केईएमच्या वॉर्डात आणि कोपऱ्यावरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये किती पेशंट दगावले याचे नुसते आकडे शेजारी शेजारी ठेवून कुणी म्हणालं, ‘बघा, नर्सिंग होम भारी’, तर तुम्ही हसाल. सगळीकडून हात टेकलेली केस शेवटी केईएमला येते, नर्सिंग होमला नको ती केस घ्यावी लागत नाही. दारातून आत कोण येतं यावरच निकालाचा बराचसा भाग ठरतो. संशोधनात याला निवडीचा परिणाम म्हणतात. हॉस्पिटलच्या बाबतीत जे आपल्याला चटकन कळतं ते शाळेच्या बाबतीत मात्र आपण सोयीस्कर विसरतो. दहावीचा निकाल लागला की गेटवर लागलेल्या फ्लेक्सवरच्या टक्केवारीचं सगळं श्रेय शाळेला देऊन मोकळे होतो.

आता तुम्ही म्हणाल, घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेऊन तुलना करा की! तेच केलं गेलं. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने हॉफर आणि किलगोर यांच्यासोबत १९८२मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक आणि सरकारी हायस्कुलांची तुलना करणारं पुस्तक काढलं. आईवडिलांचं शिक्षण, उत्पन्न वगैरे हिशेबात धरूनही कॅथलिक शाळांतली मुलं पुढे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर मोठं वादळ उठलं, कारण दोन घरांचं उत्पन्न सारखं असलं तरी घरं सारखी नसतात. मुलाच्या शाळेसाठी पोटाला चिमटा काढणारं घर आणि न काढणारं घर यांच्यातला फरक उत्पन्नाच्या रकान्यात दिसत नाही. जो बाप पगाराचा मोठा भाग फीमध्ये घालतो, तो रात्री पोराची वहीही उघडून बघत असण्याची शक्यता जास्त. मग निकाल शाळेचा, की त्या वही बघण्याचा?

या कोड्यावर मला आवडलेलं काम २००५चं आहे, अल्टोंजी, एल्डर आणि टेबर या तीन अर्थशास्त्रज्ञांचं. युक्ती साधी आहे, पण सुचायला अवघड. ते म्हणतात, न दिसणारे फरक मोजता येत नाहीत हे खरं. पण दिसणारे फरक मोजल्यावर शाळेचा परिणाम किती आकसतो हे तर बघता येतं? त्यावरून अंदाज बांधा की उरलेला परिणाम पुसून टाकायला न दिसणारे फरक किती जबरदस्त असावे लागतील. म्हणजे चोर दिसला नाही तरी तो किती धष्टपुष्ट असायला हवा होता, हे तुटलेल्या कुलपावरून सांगायचं. त्यांनी आठवीपर्यंत कॅथलिक शाळेतच असलेली मुलं घेतली आणि बघितलं की पुढे कॅथलिक हायस्कूलमध्ये गेल्याने काय बदललं. हायस्कूल पूर्ण करण्यावर परिणाम दिसला, तोही ठसठशीत. कॉलेजला जाण्यावरही काहीसा. पण परीक्षेतल्या गुणांवर? फारसा नाहीच.

इथे जरा थांबा, कारण आपल्याकडची सगळी जाहिरात नेमकी गुणांची असते. मुलगा शाळेत टिकून राहिला, गळाला नाही, हे खरं काम. त्याचा फ्लेक्स कुणी लावत नाही. आणि मुंबईतल्या नावाजलेल्या शाळेत तर गळतीचा धोका असलेला मुलगा दारापाशीच गाळला जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे ज्या मुलाला या शाळेचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, तोच बाहेर.

दुसरा भाग, ‘फक्त मुलगे’. मुलींमुळे लक्ष विचलित होतं, मुलग्यांची शिकण्याची पद्धत वेगळी, मेंदू वेगळा, असं बरंच ऐकलं असेल. मेंदूवाल्या युक्तिवादाचा २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डायेन हाल्पर्न आणि सहकाऱ्यांनी समाचार घेतला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच छद्मविज्ञान असा शब्द आहे. मग २०१४मध्ये पाल्के, हाइड आणि ॲलिसन यांनी २१ देशांतले १८४ अभ्यास, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थी, एकत्र करून पाहिले. ज्या अभ्यासांनी निवडीचा परिणाम नीट बाजूला काढला होता, त्यांत एकलिंगी शाळेचा फायदा जवळजवळ उरलाच नाही.

पण मला सोयीचं तेवढंच सांगायचं नाही. सोलमध्ये सरकार मुलांना हायस्कुलं लॉटरीने वाटत असे, तिथे खासगी शाळासुद्धा या वाटपात येत. म्हणजे कुणी मुद्दाम निवड केलेली नाही, चिठ्ठी निघाली तिकडे जायचं. आमच्या भाषेत ही जवळजवळ क्लिनिकल ट्रायल. पार्क, बेहर्मन आणि चोई यांना २०१३मध्ये त्या आकड्यांत एकलिंगी शाळांचा फायदा दिसला, मुलग्यांनाही आणि मुलींनाही. हा पुरावा मी हलका मानत नाही. फक्त त्या निष्कर्षामागे लॉटरी होती, एवढं लक्षात ठेवा. मुंबईत ज्या शाळेच्या दारात लॉटरी नाही, तिने सोलचा दाखला देणं म्हणजे शेजाऱ्याच्या रिपोर्टवर आपली औषधं घेणं.

आता आपल्या गल्लीत येऊ. मुंबईच्या शाळांबद्दल जगभर वाचला गेलेला एक शोधनिबंध आहे, कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २००६ साली आलेला. आणि तो चक्क दादरवर आहे! दादरच्या शाळांत वीस वर्षांत दाखल झालेल्या मुलांची सुमारे ४,९०० मराठी कुटुंबं त्यांनी गाठली आणि कुठल्या जातीतल्या घराने मुलाला मराठी माध्यमात घातलं, कुणी इंग्रजी, आणि मुलीला कुठे, हे पाहिलं. नव्वदच्या दशकात इंग्रजीचा भाव वाढला, पांढरपेशा नोकरीचा पगार वाढला. तरीही कामगार जातींतल्या मुलग्यांना मराठी माध्यमातच घातलं जात राहिलं. त्याच जातींतल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. लेखकांचं उत्तर असं : मुलग्यांसाठी ओळखीची साखळी होती. काका, मामा, गाववाला चिकटवून देणार, मग इंग्रजी कशाला? मुलींसाठी अशी साखळी कुणी बांधलीच नव्हती, म्हणून त्या मोकळ्या होत्या.

परळकराला हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण आपल्या कितीतरी घरांत ताई इंग्रजी माध्यमात आणि दादा म्युनिसिपालिटीच्या किंवा जवळच्या मराठी शाळेत, असं चित्र होतं. पण दोन गोष्टी मला या निबंधात खटकतात. पहिली, गिरणगावात ही साखळी तुटायला लागली ती १८ जानेवारी १९८२ला. संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. जुन्या धंद्यांची साखळी मुलांना खेचत राहिली असं लेखक म्हणतात. परळमध्ये बऱ्याच घरांना साखळी खेचत नव्हती, तिचं नुसतं टोक हातात राहिलं होतं. संपानंतर ज्या बापाच्या हातात फीचे पैसेच नव्हते त्याने मराठी शाळा ‘निवडली’ म्हणायचं का?

दुसरी गोष्ट आजच्या विषयाची. निबंधाच्या मुख्य प्रश्नात शाळा दोनच प्रकारच्या आहेत, मराठी आणि इंग्रजी. पण इंग्रजी शाळा हे एकच पोतं नाही. चर्चच्या आवारातली अनुदानित शाळा, सोसायटीच्या तळमजल्यावर निघालेली ‘इंग्लिश स्कूल’ आणि शंभर वर्षांची फादरांची शाळा या तिघींत अंतर आहे. आणि ओळखीची साखळी फक्त गिरणीच्या खात्यातच असते असं थोडंच आहे? माजी विद्यार्थ्यांची संघटना, त्यांची वार्षिक जेवणं, ‘अरे तूसुद्धा आमच्या शाळेचा?’ म्हणून मुलाखतीत सैल झालेलं वातावरण, हीसुद्धा साखळीच. खात्यात मुकादम चिकटवून द्यायचा, इथे शाळेची टाय. मुन्शी-रोझेनझ्वाइग यांनी कामगारांची साखळी भिंगाखाली धरली. फादरांच्या शाळेची साखळी त्याच भिंगाखाली धरलेली मला बघायची आहे.

इथपर्यंत मी शाळांना परक्या मापाने मोजलं, आता त्यांच्याच मापाने मोजते. जेझुइट शाळा गुणांसाठी आहेत असं जेझुइट स्वतः कधीच म्हणत नाहीत. १९७३ साली त्यांचे प्रमुख पेद्रो अरुपे स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. आमच्या शाळांचं काम इतरांसाठी जगणारी माणसं तयार करणं हे आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि तुम्हाला आम्ही न्यायासाठी झटायला शिकवलं का, या प्रश्नाला सरळ ‘नाही’ असं उत्तर दिलं. समोर बसलेल्या बड्या मंडळींना ते झोंबलं होतं. पण त्यांचं ते वाक्य पुढे जगभरच्या जेझुइट शाळांचं ब्रीद झालं. गंमत म्हणजे ही कल्पना नवी नव्हती. १५४८मध्ये मेसिनाला शाळा काढली तेव्हापासून सुरुवातीच्या जेझुइट शाळा शिकवणीची फी घेत नसत. (जाता जाता : परळला हाफकिन संस्थेची जी जुनी वास्तू आहे, ती पोर्तुगीज काळात जेझुइटांकडे होती. १७२०च्या सुमारास ब्रिटिशांनी ती काढून घेतली, मग तिथे गव्हर्नरचा बंगला झाला, आणि १८९९मध्ये प्लेगची लस बनवणारी प्रयोगशाळा आली. परळशी फादरांचं नातं तसं आपल्या चाळींपेक्षा जुनं.)

तर प्रश्न असा, इतरांसाठी जगणारा मुलगा शाळेत तयार होतो का, आणि कशाने? नीतिमत्तेच्या तासाने? वर्षातून एकदा अनाथाश्रमाला भेट दिल्याने? याचंही उत्तर शोधलं गेलंय, आणि तेही भारतात.

२००७मध्ये दिल्लीतल्या अनेक उच्चभ्रू खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणं भाग पडलं, कारण त्यांना सरकारी जमीन सवलतीत मिळाली होती. त्या मुलांना वेगळी तुकडी नाही, त्याच वर्गात, त्याच बाकांवर. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने हे हेरलं. एकाच शाळेत आधीच्या बॅचमध्ये गरीब वर्गमित्र नव्हते, नंतरच्या बॅचमध्ये होते. शिवाय काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांवरून पडत. म्हणजे कुठल्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मुलगा येणार हे कुणाच्या इच्छेवर नव्हतं, अक्षरावर होतं. यापेक्षा चांगला प्रयोग मुद्दाम मांडूनही जमला नसता.

निष्कर्ष २०१९मध्ये छापून आले. गरीब वर्गमित्रांसोबत वाढलेली श्रीमंत मुलं पैसे वाटण्याच्या खेळात जास्त उदार निघाली, धर्मादाय कामासाठी जास्त संख्येने पुढे आली. आणि माझा आवडता भाग, रिले रेस. बक्षिसाचे पैसे लावून विचारलं, जोडीदार कोण हवा, जोरात धावणारा गरीब मुलगा की हळू धावणारा श्रीमंत? गरीब वर्गमित्रांची सवय नसलेली कितीतरी मुलं बक्षिसावर पाणी सोडून आपल्यासारख्याला निवडत होती. सवय असलेल्यांत हे बरंच कमी झालं. मग अभ्यासाचं काय झालं? पालकांना धास्ती त्याचीच असते. हिंदी आणि गणितावर परिणाम नाही, इंग्रजीत किंचित घट. वर्गातल्या शिव्या तेवढ्या वाढल्या. मारामाऱ्या नाहीत, दंगा नाही, फक्त शिव्या! ज्याने शाळेची बस पाहिलीय त्याला हा सौदा महाग वाटू नये.

म्हणजे अरुपेंना जे हवं होतं, ते घडवणारी एक गोष्ट प्रयोगाने दाखवलेली आहे. ती उपदेशात नाही, बाकावर शेजारी कोण बसतं यात आहे.

आणि इथेच फादरांच्या शाळांबद्दलची माझी खरी तक्रार सुरू होते. शिक्षण हक्क कायदा २००९मध्ये आला. त्यातल्या १२(१)(क) कलमाने खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायला सांगितलं. महाराष्ट्रात त्या लॉटरीने भरतात. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं आणि २०१४च्या प्रमती निकालाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर काढलं. आधार होता घटनेचं कलम ३०. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क असलाच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. आजूबाजूचं वातावरण बघता तो हक्क मला अधिकच मोलाचा वाटतो. २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालावर शंका उपस्थित केली. कोर्टात व्हायचं ते होईल.

पण सूट म्हणजे मनाई नव्हे. कायदा सांगतो, तुम्हाला २५ टक्के जागा देण्याची सक्ती नाही. देऊ नका, असं कायद्यात कुठे आहे? जी संस्था न्यायासाठी झटणारी माणसं घडवण्याचं ब्रीद लावते, तिला यासाठी सरकारी सक्तीची वाट बघावी लागू नये. कॅथलिक मुलांच्या जागा राखूनही हे करता येतं. सरसकट ठपका ठेवणंही अन्यायाचं होईल : माझगावच्या सेंट मेरीजमध्ये आयसीएसईबरोबर एसएससीची शाळाही आहे, आणि चर्चच्या कितीतरी अनुदानित शाळांनी गिरणी कामगारांची पोरं शिकवली आहेत. माझा रोख आहे तो नामांकित, जास्त फीच्या शाळांकडे.

फी माफ केली की झालं, असंही नाही. न्यू यॉर्कमध्ये रेजिस हायस्कूल ही जेझुइटांची मुलग्यांची शाळा १९१४पासून फीच घेत नाही, देणग्यांवर चालते. कौतुकच आहे. पण तिथे शिरायला प्रवेश परीक्षा आहे. पैशाचं दार काढलं, गुणांचं ठेवलं. निवडून घेतलेल्या हुशार मुलांचा निकाल चांगला लागला, यातून शाळेबद्दल आपल्याला काय कळतं? परत केईएम आणि नर्सिंग होम.

म्हणून मला लॉटरीच हवी, आणि त्यात माझा संशोधक म्हणून स्वार्थ आहे. समजा मुंबईतल्या अशा एका शाळेने ठरवलं की शिशुवर्गातल्या चौथ्या हिश्श्याच्या जागांसाठी जवळच्या वस्त्यांतून अर्ज मागवायचे आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायच्या. पालकांची मुलाखत नाही, मुलाला रंग ओळखायला लावणं नाही. ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुलं आत, ज्यांची नाही ती दुसऱ्या शाळांत. दोन्ही घरं सारखी, दोन्ही बाप अर्ज घेऊन रांगेत उभे राहिलेले. दहा-बारा वर्षांनी दोन्हीकडच्या मुलांची यादी काढायची : दहावीपर्यंत कोण टिकलं, किती गुण पडले, पुढे काय करतात. आणि फी भरून आत आलेल्या मुलांना रिलेसाठी जोडीदार निवडायला सांगायचं.

खर्च म्हणाल तर एक डबा, कागदाच्या चिठ्ठ्या, आणि नाव न निघालेल्यांचे पत्ते जपून ठेवणारा एक क्लार्क. तो शेवटचा क्लार्क विसरू नका, सगळा अभ्यास त्याच्या वहीवर उभा राहणार आहे.